काय काढून राह्यले भाऊ?

कॅमेऱ्याला लावायचा स्वस्तातला रिमोट टायमर घेतला, की सगळ्यात आधी माणसाचे हात मोकळे होतात. दर पाच सेकंदांनी म्हणा, दर दहा मिनिटांनी म्हणा, बटण तोच दाबतो. फोटो काढणाऱ्याने शेजारी उभं राहून राखण करायची, एवढंच उरतं. पुण्या-मुंबईत असा मोकळा झालेला माणूस मोबाइल काढून त्यात डोकं घालतो आणि कुणी त्याच्याकडे बघतही नाही. अमरावती-अकोल्यात ही सोय नाही. वऱ्हाडात ज्याच्या हाताला काम दिसत नाही, तो माणूस सार्वजनिक मालमत्ता असतो. त्याच्याशी कुणीही, कधीही, कशावरही बोलू शकतं. आणि ज्याच्या शेजारी तीन पायांवर उभा कॅमेरा आपोआप टिकटिक करतोय, त्याच्याशी तर बोलावंच लागतं. नाही बोललं तर माणुसकी कुठे राहिली?

टाइमलॅप्सचं तंत्र सांगायला सोपं आहे. एकाच जागेवरून ठरावीक अंतराने फोटो काढत राहायचं आणि नंतर ते सेकंदाला पंचवीस या वेगाने एकापाठोपाठ एक दाखवायचे. तासभर रेंगाळलेले ढग मग चौखूर उधळतात, दिवसभर फुगत बसलेली कळी डोळ्यांदेखत उमलते. पथ्यं दोनच. कॅमेरा हलता कामा नये आणि दोन फोटोंमधलं अंतर चुकता कामा नये. पहिल्यासाठी स्टँड, दुसऱ्यासाठी टायमर. अलीकडच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत टायमर आतच असतो. पण आमच्याकडच्या हौशी माणसाचा कॅमेरा बहुधा चार-पाच लग्नसराया काढून निवृत्त झालेला, कुणाच्या तरी स्टुडिओतून घासाघीस करून आणलेला असतो. त्याला टायमर बाहेरून लावावा लागतो.

कंपनीच्या अस्सल टायमरची किंमत ऐकली की गिऱ्हाईक दुकानदाराला ‘बरं, येतो’ म्हणतं आणि परत येत नाही. मग हजार-बाराशेतला, नाव न घेता येणाऱ्या नावाचा टायमर घरपोच येतो. मुठीत मावणारा, आत दोन बारीक पेन्सिल सेल, आणि एक शेपटी. त्या शेपटीची पिन ही पहिली परीक्षा. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याची पिन वेगळी असते, आणि एकाच कंपनीच्या महागड्या आणि स्वस्त कॅमेऱ्यांच्या पिनाही आपसांत बोलत नाहीत. आत फार काही दडलेलं नसतं. तीन तारा असतात : एक सामायिक, एक फोकसची, एक शटरची. शटरची तार सामायिक तारेला भिडली की फोटो निघतो. बाकी सगळं घड्याळ.

वरच्या छोट्या पडद्यावर चार शब्द असतात : डिले, लाँग, इंटरव्हल आणि एन. डिले म्हणजे सुरू होण्याआधी किती थांबायचं. लाँग म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं. इंटरव्हल म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर. एन म्हणजे एकूण फोटो किती. शेवटी संगीताचं एक चिन्ह असतं. दर फोटोला आवाज करून सगळ्या चौकाला वर्दी द्यायची की नाही, ते त्यावर ठरतं. बंद करायचं बटण बहुतेकांना नसतंच. काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवायचे, नाहीतर कपाटात पडल्या पडल्या तो जागत बसतो आणि सेल खाऊन टाकतो.

यातला एन फार मोठा तत्त्वज्ञ आहे. त्याचा आकडा एकापासून वाढत वाढत ३९९ पर्यंत जातो. त्यानंतर दोन आडव्या रेघा येतात, आणि त्यांचा अर्थ अनंत. ३९९ नंतर ४०० नाही, थेट अनंत. बाहेरच्या माणसाला हा हिशेब विचित्र वाटेल, वऱ्हाडी माणसाला नाही. लग्नाच्या पंगतीचा अंदाज आम्ही असाच करतो : चारशेच्या आत मोजायचं, त्यापुढे ‘येतीन तेवढे’.

आता गणित. दहा सेकंदांच्या व्हिडिओला अडीचशे फोटो लागतात. दर दहा सेकंदाला एक धरला तर अडीच हजार सेकंद, म्हणजे ४१ मिनिटं ४० सेकंद. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो. संध्याकाळी सहाला अमरावतीच्या राजकमल चौकात, फुटपाथच्या कडेला स्टँड लावून तो जगायला घेतला की त्याचं खरं स्वरूप कळतं.

पहिल्या मिनिटालाच प्रश्न येतो, “काय काढून राह्यले भाऊ?”

“ट्रॅफिक.”

“ट्रॅफिकचं काय काढता? थे तं रोजच हाये.”

या युक्तिवादाला उत्तर नसतं, म्हणून आपण हसतो. हसलं की प्रश्न विचारणारा मुक्कामाला येतो. तोपर्यंत दुसरा येऊन पहिल्यालाच विचारतो, आणि पहिला, ज्याला आपण नुकतंच काहीही सांगितलेलं नाही, तो अधिकारवाणीने सांगतो, “चॅनेलवाले हायेत. अतिक्रमणाचं दाखवून राह्यले.” समोरचा एक गाडीवाला ते ऐकून आपली गाडी चार फूट मागे घेतो. व्हिडिओत ती गाडी नंतर एका झटक्यात मागे सरकलेली दिसते. प्रशासनाची एवढी तत्पर कारवाई एरवी बघायला मिळत नाही.

दहाव्या मिनिटाला मोबदल्याची चौकशी होते. “याचे किती भेटते?” काहीच मिळत नाही, हौस आहे, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. आदर कमी होतो आणि माया वाढते. चहा सांगितला जातो. “घरी माहीत हाये ना?” असं हळूच विचारलं जातं. कुणी तरी गिला वडा खायला घालतो आणि दह्याचा हात पुसत कॅमेऱ्याच्या भिंगाकडे वाकून बघतो. भिंगाकडे वाकून बघणं ही टाइमलॅप्समधली सगळ्यात मोठी नैसर्गिक आपत्ती आहे. ढग, वारा, पाऊस यांचा अंदाज आधी येतो, या माणसाचा येत नाही.

“यात मी दिसतो काय?”

“दिसता ना. एका फोटोत आलात.”

“म्हणजे किती वेळ दिसन?”

“सेकंदाचा पंचविसावा भाग.”

तो विचारात पडतो. पूर्ण एक सेकंद दिसायचं तर किती उभं राहावं लागेल, असं विचारतो. पंचवीस फोटो, प्रत्येकी दहा सेकंद, म्हणजे चार मिनिटं दहा सेकंद. “मंग राह्यतो ना उभा. मले कोठी जाचं हाये?” आणि तो खरोखर उभा राहतो, दोन्ही हात खाली सोडून, मतदान ओळखपत्रावरच्या चेहऱ्याने.

व्हिडिओ तयार झाल्यावर राजकमल चौकाचं जे दर्शन घडतं, ते कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात नाही. संध्याकाळी शटर सेकंदभर उघडं ठेवलं की घाईत असलेली माणसं नुसती पुसट रेघ होतात. नोकरीवरून परतणारे, ट्यूशनला पोचणारी पोरं, दवाखान्याच्या घाईतले, या सगळ्यांची मिळून एक रंगीत वाफ होते. ठळक, स्वच्छ, नाक-डोळ्यांसकट दिसतात ते फक्त पानठेल्यावर बसलेले. सगळं जग त्यांच्याभोवती वाहत असतं आणि ते जागचे हलत नाहीत. ज्याला घाई होती तो एका फोटोत येऊन गेला, ज्याला काहीच काम नव्हतं तो नायक झाला. पानठेलेवाल्याचं फक्त अंग स्थिर असतं. प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटणारे त्याचे हात दिसतच नाहीत, त्या जागी एक धुरकट गोळा थरथरत असतो.

मधूनच वरात आली तर टाइमलॅप्सची खरी कसोटी लागते. या तंत्राने मुंगीची रांग आगगाडी होते आणि गोगलगाय शर्यतीला लागते. पण दहा-दहा सेकंदांच्या अंतराने काढूनही अमरावतीची वरात पडद्यावर साध्या माणसाच्या चालीनेच पुढे सरकते. डीजेसमोर नाचणाऱ्या मामांच्या गटापाशी तर तीही थांबते. वेळ आखडून दाखवणाऱ्या यंत्राला पुरून उरलेली ही एकमेव मिरवणूक असावी.

शहराबाहेर पडून अकोल्याच्या रस्त्याला लागावं तर तिथे वेगळाच घोटाळा. हायवेच्या कडेला तीन पायांचं काहीही उभं केलं की गावाच्या लेखी ती मोजणी असते. कॅमेरा असो की दुर्बीण, फरक नाही. स्टँडचे पाय पूर्ण उघडायच्या आत कुणी तरी मोटरसायकल आडवी लावून विचारतं, “साहेब, आमचं घर जाते काय यात?” नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही, कारण मागच्या वेळच्या साहेबानेही नाहीच म्हटलं होतं. थोड्या वेळात सातबारा घेऊन एक काका येतात. टायमर टिकटिक करत असतो. काका प्रत्येक टिकटिकीला दचकतात, जणू एकेक गुंठा वजा होतोय. संगीताचं ते चिन्ह बंद ठेवायचं असतं, ते यासाठी.

काकांना हसू नये. या रस्त्याने लोकांना काय काय दाखवलंय. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा वर्षानुवर्षं रखडला होता. त्यावरून एसटीने गेलेला माणूस उतरल्यावर आधी स्वतःची हाडं मोजायचा. आणि मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीच्या एका लेनचं डांबरी काँक्रीट १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झालं आणि गिनेस बुकात नाव गेलं. ३ जूनच्या सकाळी सुरू आणि ७ जूनच्या संध्याकाळी खलास. तासाला सातशे मीटर, मिनिटाला बारा. दर दहा सेकंदांनी फोटो काढत बसलं असतं तर प्रत्येक फोटोत रस्ता दोन मीटरनी वाढलेला सापडला असता.

टाइमलॅप्सवाल्याने या रस्त्याचा हिशेब जरूर करून बघावा. त्या १०५ तासांचा, मिनिटाला एक फोटो धरून, सव्वाचार मिनिटांचा झकास व्हिडिओ होतो. त्याआधी रस्ता रखडला होता त्या काळाचा, रोज एक फोटो धरून, वर्षाला साडेचौदा सेकंदांचा व्हिडिओ होतो, आणि त्यात फक्त ऋतू बदलतात. खड्डा हिवाळ्यात कोरडा, पावसाळ्यात भरलेला, उन्हाळ्यात पुन्हा कोरडा. दोन्ही व्हिडिओ एकाच रस्त्याचे आहेत हे सांगूनही कुणाला पटणार नाही. त्या जूनमध्ये या भागातल्या लोकांना पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याकडे कुणी तरी इंटरव्हलचं बटण दाबलं.

याच मुलखात उलट्या दिशेचा विक्रमही होता, तो म्हणजे शकुंतला. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर, अशी एकूण सुमारे १९० किलोमीटरची ही नॅरोगेज गाडी. किलिक निक्सन नावाच्या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहून न्यायला घातलेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं, तेव्हा कुठे डिझेल आलं. मूर्तिजापूर-अचलपूर हे ७६ किलोमीटर ती चार तासांत कापायची. आता ती बंद आहे आणि परत सुरू करा म्हणून लोक मागणी करतात. शकुंतलेचा टाइमलॅप्स काढायला इंटरव्हल किती ठेवायचा, हा प्रश्न कुठल्याही टायमरला पडला असता. कमी ठेवला तर गाडी हलत नाही, जास्त ठेवला तर उतरून लिंबूपाणी प्यायला गेलेली माणसं डब्यात परत बसलेली दिसतात आणि मधलं काही समजत नाही.

अकोल्याला पोचलं की माणसांचा त्रास कमी होतो, कारण मे महिन्यात दुपारी टॉवर चौकात माणूस नसतो. पारा ४५ च्या वर गेला तरी वर्तमानपत्रात मोठा मथळा येत नाही, इतकी ती घरची गोष्ट आहे. गंमत अशी की कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान बहुधा शून्य ते चाळीस अंश असं छापलेलं असतं. म्हणजे कंपनीच्या कायद्याने मे महिन्यात अकोल्यात दुपारी अकरा ते पाच कॅमेऱ्याला सुट्टी. शाळेला मिळते, कोर्टाची वेळ बदलते, कॅमेऱ्याने काय पाप केलंय? स्वस्त टायमरचा पडदा तर उन्हात हळूहळू काळा पडत जातो आणि आकडे दिसेनासे होतात. आतलं घड्याळ मात्र चालूच असतं. किती फोटो झाले, किती राहिले, काही कळत नाही, फक्त श्रद्धेने उभं राहायचं.

व्हिडिओत काय येतं? इमारतीची सावली रस्ता ओलांडते. एवढंच. मधे एक कुत्रं त्या सावलीबरोबर जागा बदलत जातं. बघणाऱ्याला वाटतं कुत्र्याला सावली ढकलत नेतेय. पूर्ण चौकात वेळेचं भान असलेला तो एकटाच प्राणी.

आणि तरीही, अशा उन्हात, कुठल्याशा दारातून एक आजीबाई निघतेच. डोक्यावर पदर, हातात कांदा. “खिशात ठेव बावा. ऊन लागते.” वऱ्हाडात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची रीत जुनी आहे, तिच्यावर वाद घालायचा नसतो. आपण कांदा खिशात ठेवतो. आजी कॅमेऱ्याकडे बघते, त्याच्यावर ओला दुपट्टा टाकलेला तिला पसंत पडतो, पण तेवढ्याने समाधान होत नाही. आत जाऊन दुसरा कांदा आणते आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकते. शून्य ते चाळीस अंश लिहिणाऱ्या इंजिनिअरला हा उपाय सुचला नव्हता. बॅगेला त्यानंतर कितीतरी दिवस पोह्यांचा वास येतो.

ऊन झेपत नाही म्हणून लोक चिखलदऱ्याला जातात. आम्हीही कॅमेरा घेऊन जातो. पावसाळ्यात गाविलगडाकडे तोंड करून स्टँड लावावा, दरीतून ढग वर चढताना पकडावे, असा बेत असतो. ढगही बेताप्रमाणेच वर चढतात. फक्त ते दरीच्या काठावर थांबत नाहीत, थेट भिंगात येऊन बसतात. मग अडीचशेच्या अडीचशे फोटो पांढरे. अशा व्हिडिओला ‘चिखलदऱ्याचं धुकं’ असं नाव दिलं की नातेवाईक वाहवा करतात. न दिलं तर ते विचारतात, “चालू कधी होते?”

हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं आणि मेळघाटच्या बाजूला शहराचा उजेड नाही. तिथे ताऱ्यांच्या रेघा काढाव्यात. आपल्याकडून ध्रुवतारा फार उंच नाही, क्षितिजापासून एकवीस अंशांच्या आसपास. त्यामुळे उत्तरेकडे मोकळी जागा बघून उभं राहावं लागतं. बाकीचे तारे त्याच्याभोवती तासाला पंधरा अंश फिरतात. इथे स्वस्त टायमरची एक खोड सांभाळायची. त्याच्या इंटरव्हलमध्ये बहुधा शटर उघडं असल्याचा वेळही धरलेला असतो. तीस सेकंदांचा फोटो आणि तीसच सेकंदांचा इंटरव्हल लावला तर कॅमेऱ्याला मधे श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि तो एकाआड एक फोटो गाळून टाकतो. रेघेच्या ठिकाणी टाके पडतात. दोन-तीन सेकंद जास्त ठेवले की भागतं. फोकस हाताने लावून तसाच सोडावा, प्रकाशाचं आणि रंगाचं काहीही आपोआपवर ठेवू नये, नाहीतर कॅमेरा दर फोटोला नवा विचार करतो आणि व्हिडिओ लुकलुकत राहतो.

हे सगळं नीट लावून अंधारात शांत उभं राहिलं, की लांबून टॉर्च येतो. “कोन हाये बे तिकडं?” टॉर्च आधी आपल्या तोंडावर पडतो, मग कॅमेऱ्यावर, मग समोरच्या झाडावर, शेवटी आकाशावर, आपण काय बघतोय ते बघायला. “तारे काढून राह्यलो,” असं सांगावं लागतं. टॉर्चवाला काही क्षण गप्प राहतो. रात्री दोन वाजता जंगलाच्या कडेला, स्वेटर घालून, फुकटात तारे काढणाऱ्या माणसाला काय बोलावं हे वऱ्हाडी माणसालाही सुचत नाही, असा हा एकमेव प्रसंग. मग तो शेकोटीला बोलावतो. त्याच्या टॉर्चमुळे समोरचं झाड मात्र फोटोत सुरेख उजळून निघतं.

असा टायमर नसताना हे काम करणाऱ्या माणसाची आठवण इथे काढायला हवी. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायचा होता, पैसा नव्हता, आणि ‘हलतं चित्र’ या कल्पनेवर पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रीकरण करून मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ केला. तो निवडक लोकांना दाखवला, कर्ज मिळालं, आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. इंग्लंडात पर्सी स्मिथने १९१० मध्ये फुलं उमलवून दाखवली होती. आपल्याकडे भारतीय चित्रपटाचं पहिलं भांडवल एका वाटाण्याने उभं केलं.

फाळक्यांनी रोज एक चित्र घेतलं असं नेहमी सांगितलं जातं. टायमरवाल्याला इथे राहवत नाही, त्याची बोटं आपोआप हिशेबाला लागतात. त्या काळच्या सेकंदाला सोळा चित्रांच्या वेगाने मिनिटाला ९६० चित्रं लागतात. रोज एक घेतलं तर महिन्याच्या मेहनतीतून दोन सेकंद मिळतील. वाटाणा धड मान वर काढायच्या आत संपेल. मिनिटभराचा चित्रपट महिन्यात करायचा तर दिवसाला तीसेक चित्रं हवीत, म्हणजे उजेड असेपर्यंत दर वीस मिनिटांनी एक. ना सेल, ना पडदा, ना एन, ना अनंत. हँडल फिरवणारा माणूसच टायमर. त्या महिन्यात फाळक्यांच्या घरी पाहुणे आले असतील, कुणी वाटाण्याकडे वाकून पाहिलं असेल, कुणी ‘याचे किती मिळतात?’ असंही विचारलं असेल. त्यांचे हात मोकळे नव्हते, ही त्यातल्या त्यात त्यांची सोय. बिझी माणसाला कुणी चहा पाजत नाही.

वऱ्हाडात वाटाण्याऐवजी पऱ्हाटी, हे ओघानेच आलं. मृगाच्या सुमाराला सरकी पेरली जाते, दिवाळीच्या मागेपुढे बोंडं फुटतात, आणि सीतादहीची पूजा करून वेचणीला सुरुवात होते. पक्क्या बोंडाला तडा गेल्यापासून पांढराशुभ्र कापूस बाहेर लोंबेपर्यंत, हवा कोरडी असली तर दोन-चार दिवस लागतात. दर दहा मिनिटांनी फोटो काढायचा. ३९९ फोटो म्हणजे साडेसहासष्ट तास, व्हिडिओ सोळा सेकंदांचा. तेवढ्यात बोंड पुरतं उमललं नाही तर पुढे अनंत आहेच. रानात रात्री रोही आणि रानडुकरं येतात, त्यामुळे बोंडासकट फांदी तोडून कोठ्यात बाटलीत उभी करायची आणि बॅटरीवरचा एक दिवा लावून द्यायचा. शेतीच्या लाईनवर भरवसा ठेवला तर व्हिडिओत दर काही सेकंदांनी सूर्यग्रहण होतं.

बोरगाव मंजूच्या पुढे एका ओळखीच्या काकांच्या कोठ्यात हा कारखाना मांडला, तेव्हा गावात बातमी अर्ध्या तासात फिरली, की पीकविम्याचे फोटो सुरू झाले. कोठ्यासमोर रांग लागली. “आमच्या वावरात कधी येता?” “आमची तं सडली सारी. सडलेल्याचे काढता का चांगल्याचेच?” एकाने आधार कार्डाची झेरॉक्स टायमरच्या खाली दाबून ठेवली. काका तिन्ही दिवस दारात बसून सांगत होते, की हे विम्याचे नाहीत, हे आपले उगीच हायेत. ‘उगीच’वर कुणाचाही विश्वास बसला नाही. उगीच कुणी बोंडासमोर बसते काय?

शेवटी व्हिडिओ तयार झाला आणि मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. हिरवं-तपकिरी बोंड, एक तडा, मग चार पाकळ्या मागे वळल्या, आणि आतून कापूस फुगत फुगत बाहेर आला. सोळा सेकंद. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाया हे बघून गप्प झाल्या, मग एकीने “पाहाय वं माय” म्हणून पुन्हा लावायला सांगितलं. काका मात्र विचारात पडले होते.

“हे उलटं चालते काय?”

चालतं. मोबाइलमध्ये तेवढी सोय असते. उलटं लावलं. लोंबणारा पांढराशुभ्र कापूस आक्रसत आक्रसत आत गेला, पाकळ्या मिटल्या, तडा सांधला आणि बोंड पुन्हा घट्ट, गुपचूप, हिरवं झालं. काकांनी मोबाइल हातात घेतला आणि उलटाच परत परत पाहिला.

“हे पाह्यजे होतं मले,” ते म्हणाले. “भाव येईपर्यंत असाच आत ठेवाचा. व्यापारी आला का बंद, भाव आला का चालू. केवढ्याले भेटते म्हणता हे मशीन?”

“हजार-बाराशेले.”

“मंग दोन मांगवा. एक सोयाबीनले लागन.”